मुलेच एकमेकांना शिकवतात, मग सर काय करतात?

नागपुरातल्या आमच्या शाळेत पालकसभा झाली की हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. त्यात थोडा टोमणा असतो, पण प्रश्न रास्त आहे. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गटाला प्रकल्प दिला की बहुधा एक मुलगी सगळे लिहिते, दुसरा चित्रे चिकटवतो आणि उरलेले मुखपृष्ठावर नाव घालतात. याला मी मिळून शिकणे म्हणत नाही. टोरंटोच्या मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर या शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या दशकापासून जो विचार मांडला, त्यात एका मुलाने मांडलेली कल्पना साऱ्या वर्गाची होते आणि ती सुधारत नेणे हे सर्वांचे काम ठरते.

आमच्या वर्गात एकदा काटोलकडच्या मुलाने विचारले, की संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडून ताण दिला तर ते सुकायचे सोडून फुलते कसे? उत्तर न देता मी प्रत्येकाला आपला अंदाज कागदावर लिहून भिंतीवर लावायला सांगितले. ‘झाड मरणाला घाबरते, म्हणून बी धरते’ हा अंदाज सर्वांना पटला. मग एका मुलीने त्याखाली लिहिले, की पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या मृग बहाराआधी मे महिन्यात ताण देतात हे ठीक, पण आंबिया बहार फुलतो तो थंडी सरताना, आणि थंडीत झाड कुठे मरायला टेकलेले असते? या आक्षेपावर वर्ग बराच वेळ अडला. अखेर ताण आणि थंडी या दोन्हींत समान काय, हे शोधताना मुले ‘नव्या पालवीची वाढ थांबते आणि साठलेले अन्न फुलोऱ्याकडे वळते’ इथवर आली. पुस्तकातले स्पष्टीकरणही याच्या जवळपासच आहे, पण पुस्तक उघडले ते त्यानंतर.

माझे काम या मधल्या वेळात असते. पटलेला अंदाज कुठे तोकडा पडतो हे विचारायचे, गप्प बसलेल्या मुलाचा कागद वाचला जाईल असे पाहायचे, आणि उत्तर माहीत असूनही तोंड आवरायचे; हे शेवटचे सर्वांत अवघड.

प्रत्येक धडा असा शिकवता येत नाही, अभ्यासक्रमाला तेवढी सवड नसते. पाढे आणि शुद्धलेखन मी आजही खडू घेऊन सरळ फळ्यावरच शिकवतो.