रविवारचा बोलका पट: रंकाळा ते तालीम, आतापर्यंत काय काय झालं

मंडळी, जूनमध्ये म्हटलं होतं की दर रविवारी संध्याकाळी आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यावर बुद्धिबळाचा पट मांडणार, येईल त्याला खेळू देणार. आता दिवाळी पण झाली. तुमच्यातल्या तिघाचौघांना आपापल्या भागात असंच काहीतरी सुरू करायचंय, म्हणून सगळं लिहून काढतोय, माझ्या चुका तुमच्याकडून परत व्हायला नकोत.

पहिले दोन रविवार मी चौपाटीच्या कठड्यावर दोन रोल करायचे पट अंथरले, शेजारी घड्याळं, चाली लिहायचे कागद आणि मोठ्या अक्षरात 'कृपया शांतता राखा'. स्पर्धेत असतं तसंच सगळं. लोक भेळ खात यायचे, दोन मिनिटं थांबायचे, कुणीतरी बोलायचं 'आरं घोडा चाललाय बघ तुझा', मी ओठावर बोट ठेवायचो आणि तो माणूस मान हलवून पुढं निघून जायचा. दोन रविवारात सहा जण बसले, त्यातले चार आपलेच. वारं एवढं की प्लास्टिकची मोहरी पटावर टिकेनात, एक काळा घोडा कठड्यावरून घरंगळत सरळ पाण्यात गेला. त्या सेटमध्ये आजही पाण्याच्या बाटलीचं निळं टोपण घोडा म्हणून चालतंय आणि पोरांना आता त्याच सेटवर खेळायचं असतं.

मग पाऊस लागला, आपल्याकडचा जुलै तुम्हाला सांगायला नको. आमच्या पेठेतल्या तालमीत विचारलं तर म्हणाले, 'मांड की, सोपा मोकळाच हाय.' (सोपा म्हणजे तालमीची ओसरी.) आणि खरी सुरुवात तिथं झाली.

पहिल्याच दिवशी सत्तरीच्या पुढचे एक मामा समोर येऊन बसले. मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं तर त्यांनी माझं मनगटच धरलं. 'एकच घर. प्यादं काय घोडं हाय व्हय उड्या मारायला?' माझ्या तोंडावर आलं होतं की मामा, नियम तसा नाही. पण मागं चार पैलवान पोरं उभी होती आणि मामांना एवढ्या वर्षांनी पट दिसला होता, म्हणून म्हटलं चला, तुमच्या पद्धतीनं खेळू. तर आपली जुनी देशी पद्धत अशी: प्यादं कायम एकच घर चालतं, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरं जाता येतं, आणि शेवटच्या ओळीत प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल ते मोहरं होतं, वाट्टेल तेव्हा वजीर मिळत नाही. डाव सावकाश उलगडतो, पण मधल्या पटावरची झटापट जोरदार होते. मामांनी एक डाव जिंकला, एक मी जिंकला आणि तिसऱ्याला सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या रविवारी मामांना आंतरराष्ट्रीय नियम सांगितले. आँ पासाँ, म्हणजे प्याद्यानं प्यादं मारायचा खास नियम, आपण शिकवतो तेव्हा चांगली शिकलेली माणसं पण गडबडतात, मामांना मात्र एका वाक्यात कळलं. म्हटलं, प्याद्याला दोन घरं जायची सवलत दिली, पण त्या सवलतीचा फायदा घेऊन ते शेजारच्या प्याद्याच्या तावडीतून निसटू नये, म्हणून ते एकच घर आलंय असं धरून लगेचच्या चालीत मारायचं. मामा म्हणाले, 'म्हंजे पळालेल्याला जुन्याच घरात गाठायचं.' इतकं नेमकं मी कधी सांगितलं नव्हतं, आता नवीन पोरांना मी हेच वाक्य सांगतो.

त्याच दिवशी सुलतान खानची गोष्ट निघाली. पंजाबातला हा माणूस देशी पद्धतीच्या खेळात वाढला, पाश्चात्त्य नियम नंतर शिकला, इंग्लंडला गेला आणि 1929, 1932, 1933 असं तीनदा ब्रिटिश विजेतेपद घेऊन बसला, हेस्टिंग्जच्या स्पर्धेत तर माजी विश्वविजेत्या कापाब्लांकालासुद्धा हरवलं. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो 2024 मध्ये, माणूस जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर. सोप्यात एकदम शांतता. मामा हळूच म्हणाले, 'आमच्यासारखाच शिकला म्हणायचा.'

त्या रात्री घरी येऊन तो शांततेचा फलक फाडून टाकला. आपल्या गावात कुस्ती कळते ती आखाड्याभोवती बसून, ओरडून, 'पट काढ, पट काढ' म्हणून (हा पट कुस्तीतला डाव बरं का). फुटबॉलचं पण तेच. माणसाला मधे बोलता आलं तर तो थांबतो, थांबला तर बसतो. म्हणून आता दोन पट असतात. एक नेहमीचा, ज्याला गंभीरपणे खेळायचंय त्याच्यासाठी. दुसरा बोलका पट, तिथं बघणाऱ्यानं बोलायचं, भांडायचं, चाल सुचवायची, फक्त मोहऱ्याला हात खेळणाऱ्यानंच लावायचा. गर्दी कायम बोलक्या पटाला. काही जुन्या खेळाडूंना हे पटलेलं नाही, खेळाचा मान जातो म्हणतात. मी त्यांचा आदर करतो, पण मान द्यायला आधी माणसं तर पाहिजेत ना समोर.

पैलवान पोरांची एक तक्रार होती, बरोबरीची. 'निकाली व्हायला पायजे, बरोबरीत कसली मजा?' तेवढ्यात जुलै 2025 चा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक आला. बाटुमीला अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी, दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, मग निकालासाठीच्या टायब्रेकमध्ये रॅपिड (कमी वेळेच्या) डावांत दिव्या जिंकली. एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धांत करावी लागणारी ठराविक कामगिरी) हातात नसताना सरळ ग्रँडमास्टर झाली, वय 19. पुढच्या रविवारी तो शेवटचा डाव बोलक्या पटावर मांडला आणि दर चालीला विचारलं, तुम्ही काय खेळला असता? दीड तास लागला, कुणी उठलं नाही.

त्याच दिवशी दारात एक दहा-अकरा वर्षांची पोरगी छत्री मिटून उभी, भावाला न्यायला आली होती. म्हणाली, 'मी पण खेळतो की.' तिला नियम येत नव्हते म्हणून नुसती प्यादी मांडली, आठ तिची आठ माझी, ज्याचं आधी पलीकडं पोचेल तो जिंकला. नवख्या माणसासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी सापडली नाही, पाच मिनिटांत माणूस खेळायलाच लागतो, आणि प्यादं सरळ चालतं पण तिरकं मारतं हे सांगावं लागत नाही, हाताला कळतं. पुढच्या खेपेला ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्यांनी विचारलं, कोल्हापूरचं कोण हाय का मोठं? म्हटलं आहे की, ऋचा पुजारी, महिला इंटरनॅशनल मास्टर. तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या.

आता परत रंकाळ्यावर आलोय, दोन्ही पट भरलेले असतात आणि पाळीसाठी थांबावं लागतं. मोहऱ्यांच्या बुडाला लोखंडी वायसर चिकटवलेत, वारं लागत नाही.

पुढचा बेत असा, पेठ विरुद्ध पेठ. एका पटावर दोन्ही बाजूला पाच-पाच जण, आपसात मोठ्यानं बोलून चाल ठरवायची, एका चालीला दोन मिनिटं, आणि पहिला डाव देशी पद्धतीनं. आमच्याकडून मामा बसणार हे ठरलंय. कुणाकडं चालू घड्याळ पडून असेल तर रविवारी पाचपर्यंत घेऊन या, आणि काळा घोडा असला तरी आणा, टोपण मात्र मी काढणार नाही.