शाळेच्या पाण्याची तपासणी करून घेताना

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर उन्हाळाभर वर्गांना कुलूप असतं आणि टाकीतलं पाणी तसंच पडून राहतं. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शाळा सुरू झाली, पाऊस लागला आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणाचं तरी पोट बिघडल्याचे मेसेज यायला लागले. माझी मुलगी तिसरीत. डॉक्टरांनी तिला औषध दिलं आणि पाणी कुठलं पिते ते विचारलं. घरून नेलेली बाटली मधल्या सुट्टीपर्यंत संपते, मग शाळेचा कूलर.

शाळेत गेले तर मॅडम म्हणाल्या, ‘‘पाणी तर नळाचंच आहे नं ताई. अख्खं शहर तेच पिऊन राहिलं.’’ पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर उत्तर मिळालं, ‘‘मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या आतलं शाळेनं पाहावं.’’ मला दोघांचाही राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते. पेंच आणि कन्हान या नद्यांचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घालूनच नागपूर शहरात येतं. म्हणजे बिघाड असलाच तर मीटर आणि कूलर यांच्या मधे. तेवढं सिद्ध केलं की कोणाशी बोलायचं हे आपोआप ठरणार होतं.

नागपुरात पाण्याचा विषय निघाला की प्रत्येक जण ‘नीरीत दाखवा’ म्हणतो. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1958 पासून इथं आहे, त्यामुळे ते साहजिकच. पण तिचं काम संशोधनाचं. पाण्यात जंतू आहेत का एवढंच पाहायचं तर सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा पुरते. हे मला आमच्या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी सांगितलं. त्यांच्याकडे पाण्यातलं क्लोरीन पाहायचं औषध (ऑर्थोटोलिडीन) होतं; क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. याला सगळे ओटी टेस्ट म्हणतात. मुख्याध्यापिकांची परवानगी काढून आम्ही दोघी सकाळी शाळेत गेलो. दोन काचनळ्या, प्रत्येकीत थोडे थेंब. मीटरजवळच्या नळाचं पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. कूलरचं होतं तसंच राहिलं. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. कूलरपर्यंत येताना ते कशात तरी खर्ची पडत होतं. शाळेचा शिपाई शेजारी उभा राहून बघत होता. तो एवढंच म्हणाला, ‘‘काहून बरं असं?’’ त्या दिवसापासून तो आमच्या बाजूनं झाला, आणि पुढं त्याचा उपयोग मुख्याध्यापिकांपेक्षा जास्त झाला.

प्रयोगशाळेत नमुना नेताना घरची बाटली चालत नाही. निर्जंतुक केलेली बाटली तिथूनच आधी आणायची. तिच्या तळाशी थोडं रसायन असतं, ते पाण्यातलं क्लोरीन मारतं. म्हणून बाटली विसळायची नाही. नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घ्यायचं, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटली गळ्यापर्यंत भरायची, बर्फात ठेवायची आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. आम्ही दोन नमुने दिले, मीटरचा आणि कूलरचा. बाटल्यांवर जागा, तारीख, वेळ लिहून वर्गशिक्षिकेची सही घेतली, नाहीतर उद्या म्हणायचे की हे पाणी आमचं नव्हेच.

अहवाल आले. एकावर ‘पिण्यास योग्य’, दुसऱ्यावर ‘पिण्यास अयोग्य’.

आता बोलणं सोपं झालं. शिक्षण हक्क कायद्यात, 2009 च्या, प्रत्येक शाळेत सर्व मुलांना सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी हवं असं परिशिष्टातच लिहिलेलं आहे. त्याच कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. आमची शाळा खासगी अनुदानित, त्यामुळे समितीला फक्त सल्ला देता येतो. तरी सल्ला इतिवृत्तात लिहून घेता येतो, हे फार पालकांना ठाऊक नसतं. मी अर्जासोबत दोन्ही अहवाल जोडले, विषय बैठकीत घ्यायला लावला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत दिली. आवक शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, हा माझ्या सासऱ्यांचा धडा. ते सरकारी नोकरीत होते.

टाकीचं झाकण शिपायानंच उघडलं. जमिनीतली टाकी, भिंतीला तडा, आत झाडाचं मूळ. पलीकडे दोन-अडीच हातांवर स्वच्छतागृहाचा सेप्टिक टँक. पाऊस पडला की जमीन भिजते आणि तड्यातून काय झिरपत असेल ते वेगळं सांगायला नको. झाकणाची रबरी पट्टी तर कधीच गेली होती. संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, टाकी धुऊन ब्लीचिंग टाकू, झालं. ते केलं, आणि आठवडाभर पाणी चांगलंही आलं. मग पुन्हा मोठा पाऊस आला आणि ओटी टेस्टमध्ये पाणी परत बिनरंगी. ती टाकी डागडुजी करण्यात अर्थ नव्हता. शेवटी पिण्याची लाईन त्या टाकीला वळसा देऊन थेट गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत नेली. जमिनीतल्या टाकीचं पाणी आता फक्त झाडांना आणि झाडलोटीला. पाईप, मोटर आणि टाकीचा खर्च संस्थेनं केला, पण बजेट नाही असं आधी बरेच दिवस ऐकवून. शिक्षणाधिकारी कार्यालयातून विचारणा आल्यावर बजेट सापडलं.

नवी जोडणी झाल्यावर आम्ही दोन्ही ठिकाणचे नमुने पुन्हा दिले. या वेळी दोन्हींवर ‘योग्य’. कोणाला हे करायचं असेल तर एक सांगते: नमुना शुक्रवारी नेऊ नका, तपासणीच्या मधेच सुट्टी येते. आणि शाळा उघडायच्या आधी, जूनमध्येच टाकी उपसायला सांगा. आमच्या समितीनं तसा ठराव केलाय. शिपायाकडे आता ओटीची बाटली असते आणि सोमवारच्या नोंदी तो खडूनं कूलरमागच्या भिंतीवर लिहितो. वही दिली होती, ती कुठं गेली कोणास ठाऊक.