पस्तीस पौंडांचा मालक स्टोनब्रिज रोडवर

इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबचा मी कधीकाळी मालक होतो. एकटा नाही, जवळपास बत्तीस हजार मालकांपैकी एक. २००७ मध्ये हिंजवडीत नोकरी करत असताना ऑफिसातल्या एकाने लिंक पाठवली: पस्तीस पौंड भरा, सगळे मिळून एक क्लब विकत घेऊ, सगळे निर्णय ऑनलाइन मतदानाने. कुठला क्लब, हे पैसे भरताना ठाऊकही नव्हतं. तेव्हाच्या भावाने पावणेतीन हजार-अठ्ठावीसशे रुपये. बायकोला ‘वर्गणी’ असं मोघम सांगितलं.

योजनेचं नाव मायफुटबॉलक्लब, कल्पना विल ब्रूक्स नावाच्या माजी पत्रकाराची. नोव्हेंबरात क्लब ठरला: केंट परगण्यातला एब्सफ्लीट युनायटेड, इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या पायरीवरचा. फेब्रुवारी २००८ मध्ये व्यवहार पुरा होऊन सुमारे पाऊण हिस्सा आमचा झाला. मैदान मात्र मी सतरा वर्षांनी पाहिलं, गेल्या हिवाळ्यात भाचीकडे पूर्व लंडनमधल्या इलफर्डला गेलो तेव्हा. पुढचं सगळं तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर कामी यावं म्हणून.

पहिली गोष्ट, स्टेशन. एब्सफ्लीट इंटरनॅशनल या नावाला भुलू नका. लंडनच्या सेंट पँक्रासहून वेगवान गाडी अठराएक मिनिटांत तिथे पोचवते हे खरं, पण तिचं भाडं जास्त, आणि बाहेर पडल्यावर पार्किंगचं माळरान. पॅरिसकडे जाणारी युरोस्टार तर २०२० पासून तिथे थांबतच नाही. मैदानाचं खरं स्टेशन नॉर्थफ्लीट, तिथून पाचेक मिनिटं चालत. लंडन ब्रिजहून ग्रेव्हसेंडकडची साधी गाडी धरा. इलफर्डसारख्या ठिकाणाहून निघणार असाल तर एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपलला बदलून ॲबी वूड, आणि तिथून पुढे. लंडनच्या प्रवासाचं जे ऑयस्टर कार्ड असतं त्याच्या भरवशावर राहू नका, निघतानाच नॉर्थफ्लीटपर्यंतचं तिकीट काढा.

आम्ही हे सगळं नीट करूनही चुकलो, कारण मला मधेच स्वान्सकोम्ब बघायचं होतं. नॉर्थफ्लीटच्या अलीकडचं स्टेशन. तिथल्या खडीच्या खाणीत १९३५ आणि १९३६ मध्ये एका दातांच्या डॉक्टरला कवटीचे दोन तुकडे सापडले, आणि १९५५ मध्ये तिसरा, पहिल्या दोघांना बरोबर जुळणारा. चार लाख वर्षांपूर्वीची कवटी, बहुधा बाईची. आता तिथे बाग आहे आणि दगडी हातकुऱ्हाडीचं भलं मोठं शिल्प. अर्धा तास पुरतो. तिथून मैदान नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं, म्हणून पायीच निघालो. रस्ता उताराला लागला आणि पुढे सरळ कुंपण. एप्रिल २०२३ मध्ये इथला खडूचा कडा ढासळला आणि गॅली हिल रोडचा तुकडा त्याच्याबरोबर खाली गेला, तेव्हापासून रस्ता बंद. हे मला घरी बसून कळायला हवं होतं. भाची म्हणाली, “मामा, मालकाला रस्ता माहीत नाही?” मुकाट्याने स्टेशनवर परत आलो, पुढच्या गाडीची वाट पाहिली आणि एक स्टेशन गाडीने गेलो. तुम्ही स्वान्सकोम्ब बघा, पण चालत पुढे जायच्या फंदात पडू नका.

हा सगळा पट्टाच खडूचा आणि सिमेंटचा. टेम्सच्या काठाने शंभर-दीडशे वर्षं भट्ट्या पेटत होत्या. नॉर्थफ्लीटचा सिमेंटचा मोठा कारखाना २००८ मध्ये बंद झाला, म्हणजे आम्ही मालक झालो त्याच वर्षी. स्टेशनातून बाहेर पडलं की गोदामं, ट्रक, पूल, आणि त्यांच्या मधोमध मैदानाचे दिवे. भाचीने विचारलं, “हेच?” हेच.

स्टोनब्रिज रोडवर १९०५ पासून फुटबॉल चालू आहे. क्लबचं जुनं नाव ग्रेव्हसेंड अँड नॉर्थफ्लीट, १९४६ मध्ये दोन गावांचे दोन क्लब एकत्र करून झालेलं. एब्सफ्लीट हे नाव २००७ चं, नव्या रेल्वे स्टेशनाच्या काळातलं. जुनी माणसं नुसतं ‘द फ्लीट’ म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. तिकीट मला पंधरा आणि वीस पौंडांच्या मधे कुठेतरी पडलं. बसायला एका बाजूला मोठा नवा स्टँड आहे, कुवेती मालकांनी बांधलेला. पण गोलच्या मागे प्लाऊ एंड नावाचा छपराखालचा उभ्याने बघायचा कट्टा आहे, तिथे जा. खेळाडूंच्या शिव्या ऐकू येतात. गोलकीपर बचावफळीवर खेकसतो तेव्हा आपण उगीच सावरून उभे राहतो.

कपड्यांचं सांगतो. नदीवरून वारा येतो आणि काँक्रीटच्या पायरीवर उभं राहून पायाचे तळवे आधी गार पडतात. दोन मोजे घाला. सामना शनिवारी तीन वाजता, हिवाळ्यात उत्तरार्ध पूर्ण दिव्यांखाली. मैदान गोठलं किंवा पाणी साचलं तर सकाळी रद्द होतो, म्हणून निघण्याआधी क्लबची घोषणा बघा. हंगाम ऑगस्ट ते एप्रिल. खायला बर्गर, मांस भरलेला ‘पाय’ (pie), चिप्स. शाकाहारी माणसाने चिप्स आणि चहावर भागवायचं. आमच्या पिशवीत धपाटे होते, मध्यंतरात पायऱ्यांच्या कोपऱ्यात उभ्यानेच खाल्ले.

तिथेच शेजारी एक सत्तरीचे आजोबा उभे होते, लाल-पांढऱ्या मफलरीत, हातात कागदी पेला. धपाट्याचा वास आला असावा, विचारपूस सुरू झाली. भाचीने एक तुकडा देऊ केला, त्यांनी घेतला, आणि तिने लगेच माझं बिंग फोडलं. आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हणजे तू त्यातला.”

आता हे ‘त्यातला’ म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. आम्ही आलो आणि तीनच महिन्यांत, १० मे २००८ ला, फ्लीट लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर एफए ट्रॉफीची, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांच्या चषकाची, अंतिम लढत खेळले. समोर टॉर्की हा क्लब. ख्रिस मॅकफीने आधी पेनल्टी वाया घालवली आणि मग मध्यंतराच्या तोंडावर त्यानेच गोल केला. एक-शून्य, चषक आमचा. मी पुण्यात खोलीभर नाचलो. खेळाडू निवडायचाही अधिकार सभासदांना, असं सुरुवातीला बोललं जायचं, प्रत्यक्षात संघ लियाम डेश हे मॅनेजरच निवडत राहिले, आणि बरंच झालं. ऑगस्टमध्ये जॉन अकिंडे या तरुण आघाडीवीराला ब्रिस्टल सिटीकडून १,४०,००० पौंडांची मागणी आली. विकायचं का, यावर मतदान. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ‘हो’ दाबलं. त्या पोराला मी आयुष्यात एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत वर्गणी परत भरायची होती. आपल्याकडे सोसायटीच्या पहिल्या सभेला जागा पुरत नाही आणि तिसऱ्या सभेला गणसंख्येसाठी अर्धा तास थांबावं लागतं, तसंच झालं. बत्तीस हजारांतले नऊ-साडेनऊ हजार उरले. गेलेल्यांत मीही होतो. पैशांचा प्रश्न नव्हता, चषक जिंकून झाला होता आणि मतदानं पाण्याच्या टाकीसारख्या विषयांवर येऊ लागली होती. इकडे क्लब खेळाडूंचे पगार त्या वर्गणीच्या हिशोबावर धरून बसलेला. २०१० मध्ये खालच्या पायरीवर घसरण, २०११ मध्ये परत वर, २०१३ मध्ये पुन्हा खाली. तोवर सभासद हजार-दीड हजारांच्या घरात. त्यांनी मतदान करूनच आपला हिस्सा सोडला आणि कुवेती गुंतवणूकदार आले.

आजोबांनी यातलं काहीच काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “अकिंडेला काय मत दिलंस?”

“विका म्हणालो.”

“मी पण,” ते म्हणाले. मग मैदानाकडे बघत, “तुम्ही नसतात तर वेम्ब्ली झालंच नसतं असं काही नाही हां. संघ डेशने आधीच बांधला होता.” आणि जरा थांबून, “पण त्या वर्षी मजा आली.” उत्तरार्ध सुरू झाला आणि आमचं बोलणं तिथेच राहिलं, कारण लाइन्समनच्या नजरेबद्दल त्यांना बरंच बोलायचं होतं. सामना एक-एक सुटला. आमचा गोल कॉर्नरवरून, गर्दीत कुणाच्या गुडघ्याला लागून. प्रेक्षक हजारेक असावेत. हा क्लब २०२५ मध्ये नॅशनल लीगमधून, म्हणजे पाचव्या पायरीवरून, पुन्हा सहाव्या पायरीवरच्या साउथ विभागात उतरलाय, त्यामुळे तिकिटासाठी मारामारी होणार नाही, जाऊन दारावर काढता येतं.

सामना संपला की लंडनची गाडी लगेच धरू नका. उलट दिशेला एक स्टेशन पुढे ग्रेव्हसेंड आहे. चर्चच्या आवारात पोकाहोंटसचा पुतळा आहे, ती १६१७ मध्ये इथेच वारली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या विमानदलात लढलेले महिंदरसिंग पुज्जी यांचाही पुतळा गावात आहे, बहुतेक लोक तो न बघताच जातात. आणि गुरू नानक दरबार, युरोपातल्या सर्वांत मोठ्या गुरुद्वारांपैकी एक. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. टिलबरीला जाणारी नाव मार्च २०२४ मध्ये बंद झाली, जुन्या गाइडबुकावर विसंबून धक्क्यावर जाऊ नका.

आम्ही दिवसभराच्या गारठ्यातून लंगरमध्ये शिरलो तेव्हा पायाची बोटं कुठे आहेत ते कळत नव्हतं. मोजे काढून फरशीवर बसलो, ताटात डाळ आणि गरम रोटी पडली. भाची म्हणाली, “मामा, इथे वर्गणी किती असते?” आणि वाढणाऱ्या सरदारजींकडे तिसरी रोटी मागितली.