मुंबई ते नागपूर: तिकिटावरचा दीड तास

मुंबईहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, मुंबईत राहता कुठे? कारण खरं उत्तर त्यावर आहे.

दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. जेट विमानाच्या वेगाने हे तासाभरात उरकायला हवं. पण तिकिटावर दीड तास, कधी त्याहूनही जास्त वेळ असतो. तो गेटपासून गेटपर्यंतचा, म्हणजे विमान इथलं गेट सोडल्यापासून तिथल्या गेटला लागेपर्यंतचा असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. संध्याकाळी खिडकीतून पाहावं तर पुढे विमानांच्या शेपट्यांची रांग. नागपूर पूर्वेला, पण विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे झेपावतं. जुहूचा किनारा मागे पडतो, खाली मासेमारीच्या होड्या दिसतात, मग समुद्रावर वळण घेऊन ते पुन्हा जमिनीकडे येतं. परतताना हिवाळ्यात वरचा पश्चिमेचा वारा समोरून असतो, आणि मुंबई जवळ आली की उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या. कंपन्या हे सगळं वेळापत्रकात धरूनच चालतात. म्हणून रांग नसली की आपण वेळेआधीच पोचतो.

आता माझा हिशेब. डोंबिवलीहून विमानतळ गाठायला दीड तास, आत जाऊन तपासणी आणि थांबणं आणखी दीड-दोन तास, मग उड्डाण, सामान. सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, धरमपेठेतलं घर मात्र अर्ध्या तासात, नागपूरचं हे सुख आहे! दारापासून दारापर्यंत साडेपाच-सहा तास सहज जातात. रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर. दुरांतोला अकरा तासांच्या आसपास लागतात, पण ते झोपेत जातात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू झालाय, पण एकटीने इतकं सरळ गाडी चालवणं मला नको वाटतं.

बाबा टपाल खात्यातले. त्यांच्यासाठी सोनेगाव म्हणजे रात्रीची हवाई डाक. १९४९ मध्ये ती सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी विमानं मध्यरात्री नागपुरात उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. नकाशा पाहिला की नागपूरच का ते कळतं. इथून दिल्ली साधारण ८५० किलोमीटर, चेन्नई ९००, कोलकाता हजाराच्या आत. संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाच्या शहरात पोचावं, हा त्या योजनेचा हेतू. विमान किती वेळ हवेत राहिलं, याला त्यात फारसं महत्त्व नव्हतं. मला ही नजर फार पटते. बाबा ते सांगायला लागले की आई म्हणते, "झालं सुरू यांचं." पण ऐकते तीही.

त्या दोघांना इकडे आणायचं तर मी विमानच काढते, कारण रेल्वेत रात्री बर्थवर चढणं-उतरणं आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मात्र सकाळचंच. जुलैत संध्याकाळचं तर मुळीच नाही, पावसात घिरट्या आणि उशीर ठरलेला. मला स्वतःला जायचं असलं की शुक्रवारी रात्री कल्याणला विदर्भ एक्सप्रेस पकडते.