काळं रान आणि पाचटातला कर्ब

"ताई, रान काळंभोर आहे, मग कर्ब ०.४ टक्केच कसा?" माती परीक्षणाच्या कामात ऊसवाल्या शेतकऱ्यांकडून मला हा प्रश्न हमखास येतो. कर्ब म्हणजे मातीतल्या सेंद्रिय पदार्थातला कार्बन. रंगावर जाऊ नका, दादा. चिकणमातीला घट्ट धरून बसलेला थोडासा सेंद्रिय पदार्थही जमीन काळी दाखवायला पुरतो.

आम्ही कर्ब मोजतो तो १९३४ सालच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीने. चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं. कर्ब जेवढा जास्त, तेवढं नारिंगी द्रावण हिरवं होत जातं. हा हिरवा रंग दिसला की मला अजूनही आनंद होतो.

पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, मातीत घातलं की त्याचंच ह्यूमस, म्हणजे कुजून झालेला काळा सेंद्रिय पदार्थ, होतं, असं आम्ही शिकलो होतो. पाचटातलं लिग्निन (वनस्पतीला ताठ ठेवणारा पदार्थ) चिवट, म्हणून तेच टिकतं, असाही समज होता. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने चित्र बदललंय. पाचट आधी जिवाणू-बुरशी खातात. त्यातला बराच कर्ब त्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. उरतो तो त्यांच्या शरीरात, आणि ते मेल्यावर त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे रानात कर्ब साठवायचा तर आधी जिवाणू पोसायला हवेत.

आणि पाचट हे त्यांचं अपुरं जेवण आहे. त्यात कर्ब सुमारे ४० टक्के, नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे ८०:१. जिवाणूंना साधारण २४:१ लागतं. कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढतात आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडतो. मग लोक पाचटाला दोष देतात आणि पुढच्या वर्षी पेटवतात. पेटवलं की कर्बाबरोबर नत्रही धुरात गेलं. त्यापेक्षा पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका, ओल राखा.

एका वर्षात आकडा वाढला नाही म्हणून मात्र खट्टू होऊ नका. हेक्टरभर रानाच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. कर्ब ०.४ चा ०.५ व्हायला त्यात २ टन कर्ब टिकावा लागतो. हेक्टरी १० टन पाचटात कर्ब ४ टन, आणि वर्षभरात त्यातला बहुतेक उडालेला असतो. शिवाय जुना कर्बही झिजतच असतो. म्हणून मी सांगते, तीन-चार खोडवे पाचट राखा, मग त्याच जागेची माती पुन्हा घेऊन या.