पंधरा वर्षांची फोर बाय फोर, पीयूसी आणि रोलरची धास्ती

आमची फॉर्च्युनर २०१०ची, एमएच-११ पासिंगची. पंधरा वर्षं भरली की आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करून घ्यावी लागते आणि त्यासाठी पीयूसी चालू हवी. 'विकून टाका आता' असं घरात सगळ्यांचं मत. पण बामणोलीकडच्या आमच्या वाडीवर पावसाळ्यात दुसरी गाडी चढत नाही (हे कारण मी दरवर्षी देतो).

धास्ती होती ती पीयूसीला गाडी रोलरवर चढवतील याची. ही गाडी कायम चारही चाकांवर चालते, टू-व्हीलमध्ये टाकायची सोयच नाही. अमेरिकेत काही राज्यांत गाडी रोलरवर चढवून, चाकं पळवून धूर तपासतात. दोनच चाकं रोलरवर आणि दोन जमिनीवर असली, तर अशी गाडी जमिनीवरच्या चाकांच्या जोरावर रोलरवरून बाहेर उडी घेऊ शकते, नाहीतर मधल्या डिफरन्शियलचं (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचं) वाटोळं होतं. म्हणून तिकडेही कायम ऑल-व्हील असलेल्या गाड्या उभ्या ठेवूनच तपासतात.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला पीयूसी काढणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो हसला. "काका, चाकं कशाला फिरवायची? धूर नळीतनं येतो की!"

खरंच आहे. आपल्याकडे पीयूसी न्यूट्रलमध्येच होते. मात्र डिझेलवाल्यांनी इथे जरा जपावं. सायलेन्सरमध्ये नळी घालून ॲक्सिलरेटर एकदम तळाला दाबतात, इंजिन शेवटच्या आरपीएमपर्यंत ओरडतं, मग सोडतात, आणि हे परत परत करून सरासरी काढतात. टायमिंग बेल्ट म्हातारा झाला असेल तर त्याने मान टाकायला याहून चांगला मुहूर्त नाही. आमच्या तीन लिटरच्या इंजिनाला बेल्टच आहे आणि बदलायची वेळ आली की मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागतो. तो लागलेला असेल तर आधी बेल्ट, मग पीयूसी. ऑइलची पातळी आणि एअर फिल्टर मी आदल्या दिवशीच पाहून घेतले. फिल्टर झटकला तर बामणोलीच्या रस्त्याची लाल माती ओंजळभर निघाली, म्हणून नवीनच टाकला.

थंड इंजिन काळं ओकतं. त्यामुळे सकाळी गाडी यवतेश्वरचा घाट खालच्या गिअरमध्ये चढवली, वरून फिरवली आणि इंजिन बंद न करता थेट पीयूसीला नेली. एसी बंद, हँडब्रेक ओढलेला. बीएस-४ या प्रदूषण नियमाच्या आधीच्या डिझेलला धुराच्या दाटपणाचा आकडा २.४५ पर्यंत चालतो, आमचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. नंबरप्लेटचा फोटो, मोबाइलवर ओटीपी, झालं. एवढ्या जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते. 'गाडी आणू नका, नुसता फोटो पाठवा' म्हणणारेही भेटतात. त्या कागदाने आपल्या इंजिनाचं काय कळणार?

रोलर भेटला तो भलतीकडेच. पासिंगआधी ब्रेक बघून घ्यावेत म्हणून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर तिथे ब्रेक टेस्टरचे रोलर. सुपरवायझर म्हणाला, "सगळ्याच गाड्या घेतो की साहेब." त्याला ट्रान्सफरचा (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) दांडा दाखवला. वरच्या खुणेवर मधलं डिफरन्शियल मोकळं असतं, पुढच्या दोन खुणांवर लॉक. लॉक असताना पुढची चाकं रोलरने फिरवली की मागची जमिनीवरची चाकंही फिरायला बघणार. मोकळं ठेवून, न्यूट्रलमध्ये, अगदी सावकाश फिरणाऱ्या रोलरवर एक वेळ चालतं. पण आपल्याच इंजिनाने चाकं पळवून स्पीडोमीटर तपासायचा असेल तर सरळ नाही म्हणावं. आम्ही ब्रेक बाहेर मोकळ्या रस्त्यावर मारून पाहिले. शेजाऱ्याच्या थारला ही भानगड नाही, टू-एचला टाकली की ती साधी मागच्या चाकांची गाडी.

आरटीओचं काम त्यामानाने सरळ. फॉर्म २५, पाच हजार फी, वर ग्रीन टॅक्स, विमा, आणि २०१९ च्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबरप्लेट) बसवलेली हवी. मैदानावर निरीक्षकांनी गाडी पुढे-मागे घेऊन ब्रेक मारायला लावले, दिवे पाहिले. वेळ खाल्ला तो चासी नंबरने. फ्रेमवर, चाकाच्या आतल्या अंगाला, चिखलाचा थर. वायर ब्रशने घासून, कागद लावून त्यावर पेन्सिल फिरवली तेव्हा कुठे आकडे उमटले. जाणार असाल तर ती जागा घरीच धुऊन न्या.