त्याला खरं कारण का सांगितलं?

तुम्ही विचारलंत म्हणून. नव्यानं मॅनेजर झालेले फिरून फिरून हेच विचारतात: तळाचं रेटिंग मिळालेल्याला ‘कोटा भरायचा होता’ असं तोंडावर कशाला सांगितलंत? निर्णय वरचा असला तरी टीमपुढे तो आपलाच म्हणून मांडायचा, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

होतं. नव्यांना ते मीच शिकवायचे. ‘वरून आलंय, माझ्या हातात काही नाही’ म्हणणारा मॅनेजर बिनकामाचा, हे आजही म्हणते.

टीम सात जणांची. रेटिंग बेल कर्व्हप्रमाणे, म्हणजे थोडे वर, बहुतेक मध्ये, थोडे तळाला अशा घंटेच्या आकाराच्या आलेखाप्रमाणे वाटायची; तळाचा कोटा भरायला एक जण जाणारच. तो आलेख मोठ्या, सरसकट समूहाचा असतो, पारखून घेतलेल्या सात माणसांचा नाही, हे मी नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे रेटिंग त्या आलेखात बसवायच्या मीटिंगमध्ये सांगून पाहिलं. मायक्रोसॉफ्टनं अशी उतरंड २०१३ मध्येच मोडीत काढली, हेही. ‘यंदापुरतं नाव द्या,’ एवढंच उत्तर आलं. मी दिलं. तो वर्षाच्या मध्यात आमच्याकडे आला होता, त्यामुळे त्याचे आकडे सर्वांत कमी. दुसरा निकष नव्हता.

मग फीडबॅकचा फॉर्म. ‘सुधारणेला वाव’ हा रकाना रिकामा ठेवला तर सिस्टिम पुढं जाऊच देत नाही. तिथं काय लिहितात ते तुम्हालाही माहीत आहे: ओनरशिप वाढवावी, व्हिजिबिलिटी कमी पडते. मीही तेच टाइप केलं होतं. तो समोर येऊन बसला, वही उघडली आणि म्हणाला, “नक्की काय सुधारू?” तो लिहून घेणार होता! नसलेला दोष काढण्यात त्याचं वर्ष गेलं असतं, आणि तो दोष गेला की नाही हे वर्षअखेरीस मीच तपासणार होते. मी म्हणाले, “तुझ्या कामात खोट नाही. एक नाव द्यायचं होतं. तू उशिरा आलास म्हणून मी तुझं दिलं.”

‘मी दिलं’ हे गाळलं नाही, बरं का. शब्दांचा खेळ म्हणाल. असेल थोडा.

एचआरनं बोलावून घेतलं. सगळेच असं बोलू लागले तर रेटिंगवर विश्वास कोण ठेवेल, हा त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण मग विश्वास ठेवण्याजोगं रेटिंग द्या ना! कामगिरीतला बहुतेक फरक व्यवस्थेतून येतो, माणसातून नाही, असं व्यवस्थापनतज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग सांगत. वार्षिक मूल्यमापनाला ते व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत धरत. हे वाचून मला धीर येतो. त्याला कशाला येईल? पगारवाढ त्याची कापली गेली.

तो अजून टीममध्ये आहे. मागे म्हणाला, “खोटं कारण दिलं असतंत तर निदान काहीतरी करता आलं असतं. उशिरा आलो, याचं काय करू?” मला पटत नाही. खोडूनही काढता येत नाही.

यंदा कोट्याला मी लेखी हरकत घेतली आहे. ती फेटाळली तर कुणाचं नाव देणार, असं आता विचारू लागला आहात. यंदा मध्येच आलेलं कुणी नाही.